गिऱ्ह्याचं कवच

बाई आधी राक्षसांची हजेरी घ्यायच्या, मग खेळ सुरू.

हे कोणाला सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे जरा निरखून बघतो, म्हणून हल्ली सांगत नाही. पण त्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. फणसवाडीतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी तीन वाजता आम्ही चार-पाच जण जेवणाच्या टेबलाभोवती बसायचो. बाई शाळेतलं एक जुनं हजेरीपुस्तक उघडायच्या, चष्मा पुसायच्या आणि एकेक नाव घ्यायच्या. "खवीस." "हजर." "देवचार." "हजर." हजर आम्हीच म्हणायचं, आळीपाळीने. मागच्या शनिवारी जो आमच्या हातून मारला गेला असेल त्याच्या नावापुढे त्या 'रजेवर' असं लिहायच्या. मेला असं एकदाही लिहिलं नाही. "दुसऱ्या गावात निघेल पुढच्या वर्षी," म्हणायच्या, "नाव कशाला खोडायचं उगीच?"

खेळ म्हणजे तो परदेशातून आलेला, ज्यात एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी तलवारवाला, कोणी मांत्रिक. वाटेत राक्षस आडवा आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि वार लागला की नाही ते आकड्यावरून ठरवायचं. आता कॉलेजातली मुलं सर्रास खेळतात. बाईंच्या घरी तो आला तेव्हा गिरगावात कोणी त्याचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. बाईंचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. कुठल्याशा बंदरात माल उतरायला उशीर झाला, तेव्हा कंटाळून त्यांनी नियमांचं एक जाडजूड पुस्तक विकत घेतलं आणि सुट्टीवर आले ते पुस्तक काखोटीला मारूनच. त्यातले पंखवाले, आग ओकणारे राक्षस दादांना काही पटले नाहीत. त्यांच्या मालवणकडच्या गावात असलं काही कोणी पाहिलेलं नव्हतं. गावात होते ते गिऱ्हा, देवचार, खवीस. मग दादांनी खेळात तेच आणले. ताकद किती, जीव किती, कवच किती, हे आकडे दादांचे. बाकीचं सगळं बाईंचं.

बाकीचं म्हणजे काय, तर बाई मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. मीही त्यांचीच विद्यार्थिनी, मागच्या बाकावरची. राक्षस कुठलाही असो, बाई विचारणार, खातो काय आणि झोपतो कुठे. उत्तर नसेल तर तो राक्षस नापास. एकदा आमच्यातल्या एकाने नुसत्या आगीचा राक्षस करून आणला, मोठ्या हौसेने चित्र काढून. बाईंनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं आणि विचारलं, "जळतो कशावर? तेल, लाकूड, काहीतरी लागेल ना? ज्याला भूक नाही त्याला काय घाबरायचं?" चित्र परत. तो बिचारा पुढचे दोन शनिवार आलाच नाही.

गिऱ्ह्यावरून तर भावाबहिणींचं दोन महिने अडलं होतं म्हणे. गिऱ्हा पाण्याच्या काठी असतो, माणसाला मासे दाखवत दाखवत खोल पाण्यात नेतो आणि बुडवतो. बाईंचा प्रश्न, माणूस खात नाही तर बुडवतो कशाला? दादा तेव्हा बोटीवर. पत्रातून हा वाद चालला. शेवटी दादांनी एका पोस्टकार्डावर एवढंच लिहून पाठवलं, "एकटो आसता म्हणान." बाईंनी वहीत अन्न या रकान्यात 'मासे' लिहिलं आणि हेतू या रकान्यात 'सोबत'. ती वही मी पाहिली आहे. शाईने लिहिलेलं आहे, खाडाखोड नाही.

त्यांच्या खोलीचं काय सांगावं. आमचे नकाशे शाळेतून रद्दीत निघालेल्या कापडी तक्त्यांच्या पाठीवर काढलेले असायचे. मगरींचं तळघर उलटं करून बघितलं की बेडकाची पचनसंस्था. फासे हिंगाच्या डबीत. का, तर डबीचं झाकण घट्ट बसतं. शनिवारी घरी गेले की आई माझा हात हुंगून म्हणायची, "आलीस वाटतं बाईंकडून." चिवडा नाही, कारण हळदीची बोटं कागदाला लागतात. खारी मिळायची, तीही हनुवटीखाली बशी धरून खायची. वार करायचा असेल तर हात वर करायचा. वर केलेला हात बाईंनी कधी दुर्लक्षिला नाही. कितीही महत्त्वाचं बोलत असल्या तरी थांबून "बोल" म्हणायच्या. हे नीट लक्षात ठेवा.

माझंही सांगते, कारण त्याचा संबंध आहे. मी मुळातच घाबरट. दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट तपासायचं काम करते. दशांशचिन्ह एक घर इकडचं तिकडे झालं तर धडधाकट माणूस घरच्यांना जवळ बोलावून निरवानिरव करायला लागेल. त्यामुळे मी सगळं दोनदा बघते, आणि बघून झालं की बघितलं का याचा विचार करते. त्यात गॅस. प्रभादेवीच्या घरातून निघताना मी गॅसचा नॉब तीनदा बघते आणि सिद्धिविनायकापर्यंत पोचेपर्यंत मला शंका येते. एका शनिवारी आई गावाला गेली होती आणि मी फणसवाडीत बसले होते, पण माझं चित्त काही टेबलावर नव्हतं. बाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, गॅस बंद केला असेल बहुतेक. बाईंनी हिंगाची डबी बंद केली. "जा, बघून ये."

"अहो बाई, प्रभादेवीला? जाऊन येईपर्यंत दीड तास जाईल."

"जाऊ दे. शंका घेऊन टेबलावर बसायचं नाही."

मी गेले. टॅक्सीने गेले, टॅक्सीने आले. गॅस बंद होता. तोपर्यंत बाकीचे सगळे नुसते बसून होते, कोणाला फासा टाकू दिला नव्हता. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई फक्त म्हणाल्या, "बस आता." त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा सहा वाजेपर्यंत निवांत बसले.

दादा निवृत्त होऊन घरी आले तेव्हा आम्हाला वाटलं, आता खेळ तेच चालवतील. चालवला त्यांनी काही वर्षं. मग हळूहळू ते विसरायला लागले. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग सकाळी जेवले की नाही ते, आणि मग बाईंनाच. सख्ख्या बहिणीला 'मॅडम' म्हणायला लागले. "मॅडम, बोट कधी सुटतली?" दिवसातून दहा वेळा. बाई सांगायच्या, "भरती आली की." त्यावर त्यांचं समाधान व्हायचं, दहा मिनिटं.

पण एक गोष्ट शाबूत होती. ती नीट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जुन्या नियमांत कवचाचा आकडा जितका लहान तितका राक्षस कठीण. कवच चार असेल तर साध्या माणसाच्या फाशावर सोळा पडले तरच वार लागणार. कवच दोन असेल तर अठरा. विसातून वजा करायचं, झालं. हा आकडा खरं तर खेळ चालवणाऱ्याने मनातच ठेवायचा असतो. बाई मुद्दाम मोठ्याने सांगायच्या. त्या म्हणायच्या, "खवीस, कवच चार," आणि खिडकीजवळच्या आरामखुर्चीतून, जिथून एरवी फक्त बोटीची चौकशी यायची, दादांचा आवाज यायचा, "चाराक सोळा." पाढे म्हणावेत तसं, शेवटचं अक्षर जरा ओढून. कधीही न चुकता. मग बाई तेवढ्यापुरत्या मान वळवून त्यांच्याकडे बघायच्या.

"शनिवारी तीन ते सहा तो माझा भाऊ असतो," असं एकदा त्या मला म्हणाल्या. बशा पुसत होत्या. मी पुसलेल्या बशा पुन्हा पुसल्या.

आणि मग माणसं गेली. एकीचं लग्न होऊन ती बोरिवलीला, एक कॅनडाला, तिसऱ्याच्या मुलाचे क्लास शनिवारीच. उरले मी. दोघींत हा खेळ होत नाही. दोन महिने टेबल रिकामं राहिलं. दादा तीन वाजता आपले खुर्चीत येऊन बसायचे, टेबलाकडे बघत राहायचे आणि चार वाजले की विचारायचे, बोट सुटली काय. मला ते बघवायचं नाही. मी लॅबमधल्या मुलीच्या ओळखीने मुलं शोधली. लालबागचा ओंकार, इंजिनिअरिंगला होता, आणि त्याच्या कॉलेजमधल्या दोन मैत्रिणी. मुलं चांगली होती, पण त्यांना फक्त नवी आवृत्ती यायची. "जुनं कोण खेळतं आता, मॅम?" ओंकार म्हणाला.

"मॅम-मॅडम काही म्हणायचं नाही मला," बाई एकदम म्हणाल्या. "बाई म्हणा." पोरगं दचकलं. त्याला काय ठाऊक.

नव्या आवृत्तीत सगळं सरळ केलेलं. कवच अठरा म्हणजे फाशावर अठरा आले की लागलं. जितका मोठा आकडा तितका राक्षस कठीण. वजाबाकीच नको. शहाणपणाचा बदल आहे, मलाही मान्य. पण आता बाई काय म्हणणार? "खवीस, कवच सोळा." त्यावर दादा काय म्हणणार?

जुनं धरून बसावं तर मुलं येणार नाहीत, मुलं आली नाहीत तर खेळ नाही, खेळ नाही तर दादा दिवसभर बोटीची वाट बघणार. नवं घ्यावं तर दादांच्या ओळखीचं जे एवढंसं उरलं होतं ते आपल्याच हाताने पुसायचं. बाईंनी आठ दिवस विचार केला. मग म्हणाल्या, "आकडे बदलू. नावं तीच, सवयी त्याच. तो नावाने ओळखेल."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही मोठ्याने जुना आकडा म्हणा आणि मनात नवा धरा. मुलांना मी समजावते."

"टेबलावर खोटा आकडा सांगायचा नाही," त्या म्हणाल्या. "तो बसलेला असताना तर नाहीच." विषय संपला. बाईंचा विषय एकदा संपला की संपला.

तर चार महिने आम्ही राक्षस नवे करत होतो. बाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, त्यामुळे लिहिण्याचं काम माझ्याकडे. तपासण्याचं मात्र त्यांच्याकडेच. शाळेच्या प्रयोगशाळेतलं भिंग घेऊन त्या एकेक आकडा बघायच्या आणि बरोबर असेल तर त्याच्यापुढे लाल पेन्सिलीने टिंब द्यायच्या. चुकीचा असेल तर गोल आणि बाजूला शेरा. 'निष्काळजीपणा.' 'पुन्हा कर.' चाळिशीच्या बाईला. नव्या आवृत्तीत प्रत्येक राक्षसाचं व्यक्तिमत्त्व किती, छाप किती पडते, याचाही आकडा द्यावा लागतो. गिऱ्ह्याचा किती, यावर एक अख्खी दुपार गेली. ओंकार म्हणाला, "दहा ठेवा ना बाई, नॉर्मल." बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "जो नुसते मासे दाखवून शहाण्यासुरत्या माणसाला पाण्यात नेतो, त्याचा दहा? तुझा दहा." ओंकार हसला, पण गिऱ्ह्याला सतरा मिळाले.

पहिल्या शनिवारी नव्या आकड्यांनी खेळ झाला. बाई म्हणाल्या, "खवीस, कवच सोळा." आणि थांबल्या. खुर्चीतून काही आलं नाही. दुसऱ्या शनिवारी देवचार निघाला. कवच पंधरा. काही नाही. दादा खिडकीतून समोरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे बघत होते. तिसऱ्या शनिवारी त्यांनी मधेच उठून विचारलं, "मॅडम, माझी केबिन खंय?" बाई त्यांना आत घेऊन गेल्या, निजवून आल्या आणि खेळ पुढे चालू केला. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मी घरी जाताना ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभी राहिले आणि मला रडू आलं. मुलं मीच आणली होती. नवी आवृत्ती त्यांच्यामागून आली. हे माझ्यामुळे झालं असं मला वाटत होतं आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं.

"आता फक्त गिऱ्हा राहिलाय," बाई म्हणाल्या. "त्याला ओळखेल. त्याचा लाडका आहे तो. त्यालाही नाही ओळखलं तर..." त्यांनी भिंग कापडात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं.

गिऱ्हा लिहिणं मी टाळत टाळत शेवटी ठेवलं होतं. गुरुवारी संध्याकाळी लॅबमधून येऊन बसले. डावीकडे दादांच्या जुन्या आकड्यांची वही, उजवीकडे हजेरीपुस्तकातलं नवं पान. जीव लिहिला, ताकद लिहिली, कवचाच्या रकान्याशी आले आणि मला वाटलं गॅस चालू राहिलाय. उठले, बघितला, बंद होता, परत येऊन लिहायला लागले. शुक्रवारी हजेरीपुस्तक फणसवाडीत पोचतं केलं. बाईंनी दारातच विचारलं, "तपासलंस?"

"दोनदा तपासलं," मी म्हटलं.

एकदाही तपासलं नव्हतं. लॅबमध्ये उशीर झालेला, पाय दुखत होते, आणि खरं सांगायचं तर ते पान पुन्हा उघडायची मला भीती वाटत होती.

शनिवारी बारा वाजता, कोणाचा तरी थायरॉइडचा रिपोर्ट हातात असताना, मला ते पान डोळ्यांसमोर दिसलं. कवच: २. गॅस बघून आले आणि दादांच्या वहीतला आकडा तसाच उचलून लिहिला. वजाबाकी केलीच नाही. नव्या आवृत्तीत कवच दोन म्हणजे उघडाबोडका. कोणी नुसता चिमटा काढला तरी लागेल. मुलं गिऱ्ह्याला दोन मिनिटांत मारून टाकणार, आणि दादांच्या समोर. बाईंना फोन लावला, उचलला नाही. हातातले रिपोर्ट संपवून दोन वाजता निघाले तर बस परळच्या पुलाखाली अर्धा तास उभी. फणसवाडीचा जिना चढले तेव्हा सव्वातीन होऊन गेले होते आणि हजेरी चालू होती.

मी हात वर केला.

"हजेरी चालू आहे," बाई म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

हजेरी संपल्यावर पुन्हा केला. "बाई, गिऱ्ह्याबद्दल एक—"

"नंतर."

"पण बाई, त्याचं—"

"नंतर म्हटलं ना."

मी हात खाली घेतला. मला वाटलं रागावल्यात, उशिरा आले म्हणून. त्यांचा डावा हात हिंगाच्या डबीवर होता आणि झाकण बारीक वाजत होतं. ते मी ऐकलं, पण गिऱ्ह्याच्या त्या दोनमध्ये मी इतकी अडकले होते की त्याचा अर्थ लावायला मला सवड नव्हती.

तळ्याचा काठ आला. मासे दिसले. ओंकारचा तलवारवाला गुडघाभर पाण्यात उतरला आणि गिऱ्ह्याने त्याचा पाय धरला. ओंकारने फासा टाकला. "सात. आणि माझे तलवारीचे पाच. बारा. लागलं का बाई?"

बाईंनी भिंग घेतलं. पुस्तकावर धरलं. इतका वेळ धरलं की दुसऱ्या मुलीने मान वाकवून पाहिलं.

"गिऱ्हा," बाई म्हणाल्या. "कवच दोन."

"दोन?" ओंकार हसायला लागला. "काय बाई, एवढी गिऱ्ह्याची हवा केलीत चार महिने आणि कवच दोन? मग तर लागलंच." मुली पण हसल्या. मी टेबलावरच्या नकाशाकडे बघत होते. वर बघायची हिंमत नव्हती. मला वाटलं संपलं, शेवटचं होतं तेही मी घालवलं.

"लागाक नाय."

आधी कोणाला कळलंच नाही कोण बोललं. दादा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. खिडकीकडे पाठ, तोंड टेबलाकडे. ओंकारच्या फाशाकडे बोट दाखवत होते.

"लागाक नाय," ते म्हणाले, शिकवणी घेतात तसं. "दोनाक अठरा."

ओंकारने दादांकडे पाहिलं, फाशाकडे पाहिलं, आणि मला त्या पोराचं आजही कौतुक वाटतं, त्याने फासा उचलून पुढच्या मुलीकडे सरकवला. "बरोबर आहे आजोबांचं. वीस वजा दोन. अठरा पाहिजेत, माझे बाराच. नाही लागलं."

बाईंनी चष्मा काढला आणि पुसला. तो स्वच्छच होता. मग पुस्तकात बघून, स्पष्ट आवाजात, मालवणीत म्हणाल्या, "दोनाक अठरा. पुढचा वार."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दादांच्या पाढ्यात नवा आकडा पहिल्यापासून होताच की. जुना आधी, नवा नंतर. आम्ही चार महिने बसून पाढ्याचा पुढचा अर्धा भाग तेवढा लिहीत होतो आणि दादांना हाक पहिल्या अर्ध्यानेच ऐकू येत होती.

गिऱ्हा त्या दिवशी मेला नाही. मुली वार करायला निघाल्या तर दादा म्हणाले, "मारू नकात. एकटो आसता तो." मग ओंकारने त्याच्याशी बोलणी केली, त्याला आठवड्याला एकदा भेटायला यायचं कबूल केलं आणि पाय सोडवून घेतला. नियमात असं काही नाही. बाईंनी चालवून घेतलं. सहा वाजता दादांनी बाईंना विचारलं, "मॅडम, चाय मिळात काय?" म्हणजे चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण पुढच्या शनिवारपासून बाई प्रत्येक राक्षसाचा जुना आकडा म्हणायच्या, खुर्चीतून दुसरा यायचा, आणि मुलं तो दुसरा लिहून घ्यायची. खोटं कोणीच बोलत नव्हतं. दीड वर्ष असं चाललं.

दादा गेले त्यानंतर तेराव्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही तिघे-चौघे नुसतं बाईंपाशी बसायला म्हणून गेलो. बाईंनी हजेरीपुस्तक काढलं. खेळ सुरू झाला, खवीस निघाला. "चाराक," म्हणाल्या आणि त्यांना पुढे बोलता येईना. खुर्ची रिकामी होती. ओंकार हळूच म्हणाला, "सोळा."

चुकीची कबुली मी कधी दिली नाही. बाईंनी विचारलं नाही. इतकं छान झाल्यावर आता कशाला काढायचं, अशी मी माझी समजूत घातली. मनात मात्र ते 'दोनदा तपासलं' सलत राहिलं. बाई गेल्या वर्षी भाचीकडे सावंतवाडीला राहायला गेल्या. जाताना वह्या, हजेरीपुस्तक, भिंग, तक्ते आणि हिंगाची डबी माझ्याकडे दिली. आता आम्ही प्रभादेवीला माझ्या घरी जमतो. आणि गेल्या महिन्यात ओंकार म्हणाला, आणखी नवी आवृत्ती आलीय, राक्षस पुन्हा बदलावे लागतील.

म्हणून मी हजेरीपुस्तक काढलं. सगळी पानं उघडली, फक्त गिऱ्ह्याचं टाळत होते. शेवटी उघडलं. माझ्याच अक्षरात कवच: २. आणि त्या दोनपुढे, बारीक, नीटस, लाल पेन्सिलीचं टिंब.

मी ते पान दिव्याखाली नेलं. भिंगाने बघितलं. टिंबच होतं. म्हणजे खेळाच्या आधी, शुक्रवारी संध्याकाळी नाहीतर शनिवारी सकाळी, बाईंनी तो आकडा तपासला होता. चुकीच्या आकड्यापुढे टिंब दिलेलं बाईंच्या उभ्या जन्मात दुसरं सापडणार नाही. आधी मला राग आला, चांगलाच. दोन वर्षं मी मनातल्या मनात कुढत होते. मग फोन लावला.

"बाई, गिऱ्ह्याच्या दोनपुढे टिंब आहे."

"असेल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी हात वर करत होते आणि तुम्ही मला बोलू दिलं नाही."

"बोलली असतीस तर मला दुरुस्त करावं लागलं असतं," बाई म्हणाल्या. "खोटं मी बोलले नाही. तू लिहिलं होतंस, मी वाचलं."

मला हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, "आणि दादा काही बोललेच नसते तर?"

पलीकडे कोणीतरी भांडी घासत होतं, ते ऐकू येत होतं.

"तर कळलं असतं," बाई म्हणाल्या. "शंका घेऊन किती दिवस बसणार होते मी?"

त्या दुपारी हिंगाच्या डबीचं वाजणारं झाकण मला आता ऐकू येत होतं.

"घरीच आहेस ना?" त्यांनी विचारलं. "गॅस बंद आहे?"

"आहे बहुतेक."

"बहुतेक नाही. जा, बघून ये. मी धरते फोन."

मी उठून बघून आले. बंद होता.